तिसऱ्या मजल्यावरचं गळकं बाथरूम: ५३ हजारांच्या कामात खरं वॉटरप्रूफिंग कितीचं?

नाशिकला इंदिरानगरमध्ये आमची सोसायटी आहे, पझेशन २००९ चं. यंदा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं. मी सेक्रेटरी, त्यामुळे तक्रारीपासून शेवटच्या पेमेंटपर्यंत सगळं माझ्या हातून गेलं, कोटेशनं पण आणि बिलं पण. काकू आणि त्यांच्या खालच्या फ्लॅटमधले सर दोघंही म्हणाले की लिही बिनधास्त, कोणाच्या तरी कामी येईल, फक्त नावं नको. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

"बाथरूम वॉटरप्रूफिंगला किती लागतात" असं विचारलं की कोणी १० हजार सांगतं कोणी लाख, आणि दोघंही खोटं बोलत नसतात, दोघं वेगवेगळ्या कामाचा भाव सांगत असतात. इथे एकूण ५३,५१० रुपये लागले, त्यात खुद्द वॉटरप्रूफिंगचे, म्हणजे केमिकल आणि ते लावायची मजुरी मिळून, ९,३०० रुपये. सहावा हिस्सा धरा. बाकी सगळा पैसा तोडायचा, उचलायचा आणि परत बांधायचा. माझं तर ठाम मत आहे की हा सहावा हिस्सा आणि त्याची पाणी भरून करायची टेस्ट यात कंजूषी करणं म्हणजे उरलेले पाच हिस्से पाण्यात घालणं.

आता प्रकरण काय होतं ते. बाथरूम ७ बाय ५, संडास शेजारी वेगळा, मधली भिंत कॉमन. स्लॅब ९ इंच खाली उतरवलेला, सनकन म्हणतात तो, त्यात विटांचे तुकडे आणि सिमेंटचा कोबा, वर फरशी. नहाणी ट्रॅपचा, म्हणजे जाळीखाली सांडपाण्याचं जे भांडं असतं त्याचा, पाइप बाजूच्या भिंतीतून डक्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगचे उभे पाइप जातात त्या पोकळीत गेलेला. त्या काळच्या बहुतेक बिल्डिंगमध्ये हीच पद्धत आहे. खालच्या सरांकडे त्याच जागी पॅसेजच्या छताला आधी पिवळा डाग आला, मग पोपडे, मग पांढरे क्षार, आणि एक दिवस वॉशिंग मशीनच्या बाजूला प्लास्टरचा चांगला परातीएवढा तुकडा पडला. सुदैवाने तिथे कोणी नव्हतं. वर बघितलं तर गजाला गंज चढलेला. तेव्हा मात्र सर चिडले आणि लेखी तक्रार दिली, त्यांचं काही चुकलं नाही.

काकूंचं म्हणणं होतं की मी तर आधीच खर्च केलाय. आणि केला होताच. साधारण दोन वर्षांपूर्वी फरशीच्या जॉइंटमध्ये इपॉक्सी भरून घेतलं होतं, ८,५०० रुपये देऊन. काही महिने थांबलं आणि परत सुरू झालं. बिल्डिंगमध्ये सगळे म्हणायचे केमिकल बोगस होतं. केमिकल बोगस नव्हतं हो, आजारच वेगळा होता. फरशीचे जॉइंट बुजवले की फरशीवरून मुरणारं पाणी थांबतं, पण पाणी ट्रॅपपाशी किंवा पाइपच्या जोडातून आत शिरत असेल तर वरून कितीही इपॉक्सी भरा, कोबा स्पंजसारखा भरतच राहणार. आणि मधले ते कोरडे महिने पण फसवे असतात, आत मुरणारं पाणी थोडं कमी झालं की परत झिरपायला वेळ लागतो एवढंच.

म्हणून यावेळी ठरवलं की पैसे काढायच्या आधी पाणी नक्की कुठून येतंय ते शोधायचं, आणि त्याला जवळजवळ काहीच खर्च आला नाही. आधी सरांना सांगितलं की नुसतं लक्ष ठेवा, ठिबकतंय कधी. दिवसरात्र सारखं ठिबकत असेल तर नळाची प्रेशरची लाइन, आंघोळी झाल्यावरच ठिबकत असेल तर ड्रेनेज नाहीतर फरशी, आणि फक्त पावसात येत असेल तर बाहेरची भिंत. सरांनी वहीच केली. सकाळी आंघोळी झाल्या की तासाभरात ठिबक वाढायची आणि दुपारनंतर मंदावायची. तरी खात्रीसाठी रात्री टाकीकडून येणारा बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद ठेवला, फरक नाही. म्हणजे प्रेशरची लाइन बाद.

मग प्लंबरने एक छान गोष्ट केली. फरशी पूर्ण कोरडी ठेवून, नळाला पाइप लावून त्याचं तोंड थेट नहाणीच्या जाळीत घातलं आणि पाणी सोडलं. फरशीवर एक थेंब नाही. अर्ध्या तासात खाली ठिबक सुरू. दुसऱ्या दिवशी उलटं केलं, ट्रॅपला बूच मारून फरशीवर इंचभर पाणी उभं केलं, तेव्हाही ओल आली पण खूप उशिरा आणि थोडी. म्हणजे मुख्य गळती ट्रॅप आणि पाइपच्या जोडाची, फरशीची थोडी. हे कळलं आणि "न तोडता" वाला पर्याय तिथेच संपला, कारण ट्रॅपचा जोड कोब्याच्या पोटात असतो, तिथे हात पोचवायचा तर कोबा काढावाच लागतो.

कोटेशनं तीन आली होती. पहिलं तेच, न तोडता, खालून छताला भोकं पाडून पीयू इंजेक्शन, म्हणजे भेगा बुजवणारं पॉलियुरेथेन केमिकल दाबाने भरणं, १४,००० आणि तीन वर्षांची गॅरंटी कागदावर. इंजेक्शन वाईट नाही, भेगेला चांगलं असतं, पण वरचा ट्रॅप रोज पाणी सोडतोय आणि आपण खालून दार लावतोय, पाणी शेजारून वाट काढणार. दुसरं एका मोठ्या कॉन्ट्रॅक्टरचं, ९२,०००, वर १८ टक्के जीएसटी म्हणजे १,०८,५६०, त्यात चारही भिंतींच्या टाइल्स आणि नवीन फिटिंग सगळं. तिसरं ओळखीच्या मिस्त्रीचं, लमसम ४५,०००. काकू अर्थातच तिसऱ्यावर खूष.

मी म्हटलं थांबा, यात काय काय आहे ते लिहून घेऊ. लिहायला बसलो तर त्यात टाइल्स नाहीत, टाइल अधेसिव्ह आणि इपॉक्सी नाही, आणि डेब्रिज, म्हणजे तोडलेला राडारोडा, खाली नेऊन टाकणं पण नाही. ते सगळं धरलं की ५७,४३० होतात. आणि पाणी भरून टेस्ट करायचा तर उल्लेखच नव्हता. मग त्याच मिस्त्रीला म्हटलं लमसम नको, कामाप्रमाणे रेट लावा, मटेरियल काकू आणून देतील. तो पण माणूस सरळ आहे, लगेच तयार झाला. त्याला पण बरं पडतं, मटेरियलचे भाव वाढले तर डोक्याला ताप नाही. सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे चांगला मिस्त्री मिळणंच मुश्किल झालंय, मिळाला तर त्याच्याशी घासाघीस कमी आणि लिहालिही जास्त करा.

खर्च कुठे वाचवला तेही सांगतो. चारही भिंती सोलल्या नाहीत. जुन्या टाइल्स ८ बाय १२ च्या उभ्या लावलेल्या, म्हणजे खालच्या दोन रांगा बरोबर दोन फूट. त्या दोन रांगा चारही बाजूंनी काढल्या आणि शॉवरच्या कोपऱ्यात सहा फुटांपर्यंत, ग्राइंडरने जॉइंटवर सरळ रेघ मारून, म्हणजे वरच्या टाइल्सना धक्का नाही. जुना रंग मिळणं शक्यच नव्हतं म्हणून मुद्दाम गडद राखाडी घेतल्या, १२ बाय १८ आडव्या, आता तो पट्टा ठरवून केल्यासारखा दिसतो. जमीन ३५ फूट, भिंतीचा पट्टा ४३, शॉवरचा कोपरा वरचा २६, मिळून १०४ स्क्वेअर फूट. टाइल्स तेवढ्याच, आणि कोटिंग निदान तेवढं. तुमचं बाथरूम असंच मोजा, नुसत्या जमिनीच्या ३५ फुटांवर जो रेट सांगतो तो भिंतीवर चढणारच नाहीये, आणि शॉवरचं पाणी भिंतीवरच पडतं.

तोडल्यावर जे दिसलं ते मी फोटो काढून ठेवलंय. कोब्याचा खालचा थर काळा पडलेला, हातात घेतला की ओला भुगा. ट्रॅपमध्ये पाइप नुसता खोचलेला, जोड चिकटवायचं सोल्युशन लावलेलंच नाही, वरून सिमेंट थापून दिलेलं. भिंतीतून पाइप जातो तिथे भोक मोठं आणि भोवती साधा माल, तो पाइपपासून सुटून चांगली नख जाईल एवढी फट पडलेली. आणि स्लॅबवर कोटिंग नावाला पण नाही. बिल्डरने फक्त कोब्याच्या मालात वॉटरप्रूफिंगचं लिक्विड घातलं असेल तर असेल. ते लिक्विड वाईट नसतं, त्याला आयएस २६४५ असं स्टँडर्ड पण आहे, पण त्याने माल थोडा घट्ट होतो, पडदा तयार होत नाही.

डेब्रिजचा अंदाज कोणालाच नसतो म्हणून मुद्दाम सांगतो. ३५ फूट जागा आणि ९ इंच खोली म्हणजे २६ घनफूट कोबा, वजन साधारण दीड टन, तिसऱ्या मजल्यावरून गोण्या भरभरून जिन्याने खाली. लिफ्टमध्ये नेऊ दिल्या नाहीत, बरोबरच आहे ते. गोण्या आणि टेम्पो मिळून ३,४०० गेले.

कामाचा क्रम असा होता. स्लॅब वायर ब्रशने घासून कोरा काँक्रीट दिसेपर्यंत साफ. खड्डे पॉलिमरच्या मालाने भरले, डॉ. फिक्सिट यूआरपी सारखं जे लॅटेक्स येतं ते सिमेंटमध्ये मिसळून. भिंत आणि जमीन जिथे मिळते तिथे वाटा मारला, म्हणजे काटकोन बुजवून गोलाई, कारण कोटिंग नेहमी कोपऱ्यात फाटतं. पाइपच्या भोवती नॉन श्रिंक ग्राउट, म्हणजे सुकताना न आकसणारा माल. मग दोन घटकांचं ॲक्रिलिक सिमेंट कोटिंग, फॉसरॉक, सिका, डॉ. फिक्सिट सगळ्यांचं येतं, आपल्याला जे ताजं मिळेल ते, डब्यावरची तारीख बघून घ्या. स्लॅब ओला करून वरचं पाणी टिपून घेतलं, पहिला हात, कोपऱ्यात फायबरची जाळी, तो सुकल्यावर दुसरा हात आडव्याला उभा. उन्हाळ्याचे दिवस, म्हणून हे सगळं सकाळी लवकर, नाहीतर ब्रश फिरायच्या आधीच सुकायला लागतं. दाराच्या उंबऱ्याखाली पण कोटिंग नेलं, पाणी पॅसेजकडे तिथूनच पळतं. बऱ्याच ठिकाणी हे राहून जातं.

आता टेस्ट. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, दोन दिवस काम बंद ठेवायचं म्हणजे माझी माणसं बसून राहतात, कोटिंग चांगलं झालंय, कशाला?" त्याची अडचण खरी होती, म्हणून त्या दोन दिवसांत त्याला सोसायटीच्या कंपाउंडचं बारीकसारीक प्लास्टर दिलं, माणसं बसली नाहीत. पाइपला आतून बूच मारलं आणि तीन इंच पाणी भरलं, साधारण अडीचशे लिटर, म्हणजे पाइपच्या भोवतीची जागा पाण्याखाली येईल एवढं. भिंतीवर पेन्सिलने रेघ. शेजारी एक बादली भरून ठेवली आणि तिच्यावर पण आतून रेघ. कारण वाऱ्याने पाणी थोडं उडतंच, मग मिस्त्री म्हणतो उडालं आणि मालक म्हणतो गळलं. बादलीत जेवढं कमी तेवढंच खड्ड्यात कमी असेल तर उडालं, खड्ड्यात जास्त कमी असेल तर गळतंय. साधी गोष्ट आहे पण वाद मिटतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बादलीची रेघ जवळजवळ जागेवर आणि खड्ड्याची बोटभर खाली. सरांकडे डक्टच्या कोपऱ्यात रुपयाएवढा ताजा ओला डाग. मिस्त्री स्वतः खाली जाऊन बघून आला आणि काही न बोलता पाणी काढायला लागला. पाइपच्या भोवतीचं ग्राउट खालच्या बाजूला नीट गेलंच नव्हतं, हात पोचत नाही तिथे, वरून भरलेलं दिसतं आणि पाइपच्या पोटाखाली पोकळ राहतं. ते फोडून पाइप गुंडाळून परत भरलं, त्यावर जाळी आणि परत दोन हात. परत पाणी भरलं ४८ तास. यावेळी दोन्ही रेघा बरोबरीने, खालचा डाग पण तेवढाच. याला वेगळा खर्च म्हणाल तर थोडं मटेरियल, ते उरलेल्यातच भागलं. हाच डाग टाइल्स बसल्यावर सापडला असता तर? पन्नास हजार परत.

त्यानंतरचं पटकन सांगतो. नवीन नळाच्या लाइन सीपीव्हीसी प्लास्टिकच्या, जुन्या जीआय म्हणजे लोखंडी काढल्या, बंद करायच्या आधी हातपंपाने प्रेशर देऊन तपासल्या. भिजवलेल्या विटांचा कोबा, ढाळ पाच फुटांत पाऊण इंच. स्लॅबच्या पातळीला डक्टमध्ये एक छोटा पाइप सोडला, उद्या कधी कोब्यात पाणी साठलंच तर ते सरांच्या छतात न जाता तिथून बाहेर दिसेल. मग अधेसिव्हवर टाइल्स आणि इपॉक्सी.

हिशोब असा. तोडफोड ६,५००, डेब्रिज ३,४००. प्लंबरची मजुरी ५,५०० आणि त्याचं सामान ५,२००. वॉटरप्रूफिंगचं सगळं मटेरियल, लॅटेक्स, कोटिंग, जाळी, ग्राउट धरून ६,३००, लावायची मजुरी ३,०००. कोब्याचं सिमेंट, क्रश सँड, विटा ६,९०० आणि मजुरी ३,०००. टाइल्स तुटफूट धरून ११५ फूट ५२ रुपयांनी ५,९८०, अधेसिव्ह १,३५०, इपॉक्सी १,७००, टाइल्स बसवायचे ४५ रुपये फुटाने ४,६८०. बेरीज ५३,५१०. मिक्सर, शॉवर जुनेच परत लावले. हे भाव आमच्या मिस्त्रीचे आणि आमच्या दुकानाचे, तुमच्याकडे थोडं इकडेतिकडे होईल, पण हिस्से साधारण असेच पडतील. दुकानात काकूंनी टाइल्समध्ये फुटामागे चार रुपये कमी करून घेतले ते चांगलंच केलं, पण केमिकलचा अर्धा डबा कमी घेऊन किंवा एकच हात मारून वाचतात जेमतेम हजार-दीड हजार, ते वाचवू नका हो.

पैसे कोणी द्यायचे यावर मीटिंगमध्ये बराच आवाज झाला. काकू म्हणत होत्या ड्रेनेज सोसायटीचं, मग अर्धे सोसायटीने द्यावेत. आपल्याकडच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, बाहेरच्या ड्रेनेज लाइन, गच्चीची गळती वगैरे सोसायटीच्या खर्चाने, आणि फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूम-सिंकची गळती ज्याची त्याने. त्यामुळे डक्टमधल्या उभ्या पाइपचा एक जोड पाझरत होता तो सोसायटीने करून दिला, आतलं सगळं काकूंनी. बिल्डरला धरा असंही कोणीतरी म्हणालं. रेरा कायद्यात पझेशनपासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातला दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करायचा, कळवल्यापासून ३० दिवसांत, अशी तरतूद आहे, पण आमची बिल्डिंग २००९ ची, ती मुदत कधीच गेली. नवीन फ्लॅट घेतला असेल आणि खालच्याकडे डाग दिसला तर मात्र मिस्त्री शोधायच्या आधी बिल्डरला लेखी द्या, पाच वर्षं बघता बघता जातात.

खालच्या छताचा खर्च काकूंनी दिला, ७,५००. त्यात सुटलेलं प्लास्टर काढणं, गज घासून त्याला गंजरोधक लावणं आणि पॉलिमरच्या मालाने परत भरणं. रंग सरांनी स्वतःच्या पैशाने केला, म्हणाले मला तसाही सगळा पॅसेज रंगवायचाच होता. माणूस मोठ्या मनाचा आहे.

एक मात्र सरांना समजावून सांगावं लागलं, की वरचं काम झालं तरी खाली ओल लगेच जाणार नाही. स्लॅबच्या पोटात जे पाणी मुरलंय ते सुकायला आठवडेच्या आठवडे लागतात, पुढे थोडे दिवस डाग उलट मोठा पण वाटू शकतो. याच काळात लोक घाबरून मिस्त्रीशी भांडतात, नाहीतर घाईने रंग मारतात आणि तो परत फुगतो. आम्ही छताला प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी टेप लावून चिकटवला आणि दुसऱ्या दिवशी काढून बघितला. पहिल्यांदा आतून घाम आलेला, म्हणजे थांबायचं. नंतर कधीतरी कोरडा निघाला, तेव्हाच पुट्टी आणि रंग.

मिस्त्रीच्या मजुरीतले १० टक्के पावसाळा होईपर्यंत ठेवायचं आधीच लिहून ठरलं होतं. पावसाळा झाला, छत कोरडं आहे, डक्टमधल्या त्या छोट्या पाइपातून पण काही आलं नाही, आणि काकूंनी ते पैसे दिवाळीच्या आधी त्याच्या हातात दिले, वर मुलांसाठी फराळ. शेजारच्या संडासचा ट्रॅप पण त्याच बिल्डरच्या हाताने बसवलेला आहे, खाली अजून डाग नाही, पण तिथेही पाइपने पाणी सोडून बघायचं ठरलंय आणि मिस्त्रीने तारीख उन्हाळ्याचीच दिलीय.